पट्ट्यांवरची नावं पुसली गेली, आता हे कंद ओळखायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाच कुंड्या आणि एक खोकं. कुंड्यांतल्या पट्ट्यांवरची शाई उन्हापावसाने उडून गेली. फूल एकालाही नाही. पानं जवळजवळ सगळ्यांची लांब, हिरवी, पट्ट्यासारखी. तिसऱ्या कुंडीतली तेवढी देठाची आणि पाचवीतली गवतासारखी. खोक्यात गेल्या हंगामात काढून सुकवलेले कांदे (म्हणजे पापुद्र्यांचे कंद) आणि गड्डे (म्हणजे भरीव कंद) एकमेकांत मिसळलेत. फुलाची वाट न बघता यांना नावं लावता येतील का?

बहुतेकांना लावता येतील, निदान गटापर्यंत तरी. मात्र प्रश्नासोबत पाठवलेल्या फोटोंवरून नाही. पाचही फोटोंत पानांचे शेंडे आहेत, आणि ओळख पटते ती जागा एकाही फोटोत नाही. ती जागा म्हणजे कांद्याची मान. पान कांद्यातून बाहेर पडतं तिथलं दोन-तीन बोटांचं अंतर. अनोळखी कंद हातात आला की मी सगळ्यात आधी बोटांनी माती सारून मान उघडी करतो, आणि निम्म्याहून जास्त वेळा उत्तर तिथेच मिळतं. कांदा न उपटता, झाडाला धक्का न लावता.

त्याआधी कशावर विसंबू नये ते सांगतो, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. पानाची लांबी, रुंदी आणि हिरवेपणाची छटा यांवरून नाव लावू नका. सावलीत वाढलेलं पान लांब, मऊ आणि लोळणारं होतं. तेच झाड उन्हात ठेवलं की पान आखूड आणि ताठ. आईकांद्याच्या कडेला फुटलेल्या पिल्लाची पहिल्या दोन वर्षांतली पानं इतकी अरुंद असतात की ती वेगळीच जात वाटावी. मी स्वतः एकदा अशी पिल्लं वेगळ्या कुंडीत लावून त्यांना गवतासारख्या पानांच्या रेन लिलीची पट्टी लावली होती. तिसऱ्या वर्षी पानं अडीच बोटं रुंद झाली तेव्हा कळलं की ती हिपिअ‍ॅस्ट्रमची, म्हणजे मोठ्या तुतारी फुलाच्या झाडाची, पोरं होती. तसेच पानावरचे तांबडे डाग. ते पाहून 'ठिपक्यांची जात' म्हणून नाव लावलेलं मी पाहिलंय. तो स्टॅगोनोस्पोरा नावाच्या बुरशीचा रोग असतो. तरी त्या रोगाचा एक उपयोग आहे: ही बुरशी हिपिअ‍ॅस्ट्रम, क्रायनम, हायमेनोकॅलिस, नार्सिसस अशा अ‍ॅमॅरिलिस कुळातल्या झाडांवरच येते. म्हणजे डाग जातीची खूण नसला तरी कुळाची साक्ष देतो. पानं आतून पोखरत जाणारी, काळ्या अंगावर पांढरे-पिवळे ठिपके असलेली लिली बोअरची अळीही याच कुळावर ताव मारते. ती दिसली तर आधी मारा, पण नोंद करून ठेवा.

आता मान. इथे तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, पानं कशी मांडलेली आहेत. वरून सरळ खाली बघा. हिपिअ‍ॅस्ट्रम आणि हायमेनोकॅलिस, म्हणजे आपली स्पायडर लिली, यांची पानं समोरासमोर दोन रांगांत निघतात. वरून पाहिलं तर सगळं झाड एका रेषेत चपटं वाटतं. क्रायनमची पानं चारही बाजूंना फिरत निघतात, गुलाबाच्या पाकळ्यांसारखी. स्पायडर लिली आणि क्रायनम यांची गल्लत रोज होते. दोन्हींचं पान चकचकीत, जाड, हातभर लांब आणि दोन्हींची फुलं पांढरी, कोळ्यासारख्या पायांची. पण वरून एक नजर टाकली की रांग आणि चक्र यांतला फरक लपत नाही. पानं वाऱ्याने वाकडीतिकडी झाली असतील तर शेंडे विसरा आणि मानेजवळचे तळच मोजा.

दुसरी, पानाला देठ आहे का. पट्ट्यासारखं पान तळापासून शेंड्यापर्यंत साधारण एकाच रुंदीचं असतं. देठाचं पान मानेजवळ अरुंद होतं आणि मग फाकतं. देठ आणि कांदा ही जोडी थोड्याच झाडांत दिसते, म्हणून तो फार मोलाचा पुरावा. युकॅरिसचं पान गडद, रुंद, शेंड्याकडे टोकदार, आणि त्यावरच्या शिरा तळापासून शेंड्यापर्यंत कमानीसारख्या वळत जातात. प्रॉइफिसचं पान जवळजवळ गोल, हृदयासारखं. मे फ्लॉवर किंवा फुटबॉल लिली म्हणून जी ओळखली जाते, त्या स्कॅडॉक्ससच्या पानांचे तळ एकमेकांना गुंडाळून एक खोटं खोड तयार करतात आणि त्या खोडावर जांभळट-तपकिरी ठिपके असतात. हे ठिपके मात्र रोगाचे नसून झाडाचेच असतात. पान पातळ, मऊ, कडेने किंचित लहरी. याच झाडाच्या एका दांड्यावर २०० पर्यंत फुलांचा चेंडू येतो, पण तो वर्षातून काही दिवसच दिसतो. ठिपक्यांचं खोड कित्येक महिने समोर असतं.

तिसरी, पानाची घडण. एक पान दोन बोटांत धरून कडेवरून बोट फिरवा. पुष्कळ क्रायनमच्या कडा बारीक दात्यांमुळे खरखरीत लागतात. सगळ्यांच्या नाही, म्हणून कड गुळगुळीत लागली एवढ्यावर क्रायनम खोडून टाकू नका. पान आडवं कापल्यावर ते सपाट आहे, पन्हाळीसारखं आहे, गोल भरीव आहे की पोकळ नळी आहे हे बघा. स्वयंपाकातल्या कांद्याचं पान म्हणजे पोकळ नळी. निशिगंधाचं पान अरुंद पन्हाळ, तळाशी तांबूस झाक आणि पाठीवर तळाजवळ तपकिरी ठिपके. ग्लॅडिओलसच्या घराण्याची गोष्टच वेगळी: तिथे पानाला वरची आणि खालची बाजूच नसते. पान मधोमध दुमडून चिकटवल्यासारखं, दोन्ही बाजू सारख्या, आणि प्रत्येक पान पुढच्या पानाला तळाशी कवेत घेतं, त्यामुळे झाड पंख्यासारखं दिसतं. असा पंखा दिसला की कांदा शोधूच नका. खाली भरीव गड्डा नाहीतर आडवं खोड निघेल.

आणि खाली काहीच निघालं नाही तर? तेही एक उत्तर आहे. डे लिली, अ‍ॅगापॅन्थस, क्लिव्हिया ही सगळी पानांवरून कांद्याची झाडं वाटतात. उकरून पाहिलं तर कुठे जाड मांसल मुळं, कुठे आखूड आडवं खोड. क्लिव्हियाचे पानांचे तळ एकमेकांवर बसून कांद्यासारखा फुगवटा करतात, पण तो सोलत गेलात तर आत कांदा नाही.

वाळलेला फुलदांडा शिल्लक असेल तर तो सोन्याहून मोलाचा, तो कापून फेकू नका. आडवा छेद घेऊन बघा. हिपिअ‍ॅस्ट्रमचा दांडा आतून पोकळ असतो, नळीसारखा. क्रायनमचा भरीव. स्पायडर लिलीचा भरीव, पण चपटा आणि दोन धारदार कडांचा. रेन लिलीचा बारीक, पोकळ आणि त्यावर एकाच फुलाची खूण. इथे एक जुनी गुंतागुंत सांगायलाच हवी, कारण पट्टीवर 'अ‍ॅमॅरिलिस' एवढंच लिहिलेलं असतं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३मध्ये अ‍ॅमॅरिलिस हे नाव दिलं, विल्यम हर्बर्टने १८२१मध्ये अमेरिका खंडातल्या झाडांसाठी हिपिअ‍ॅस्ट्रम हे नाव वेगळं काढलं, आणि खरं अ‍ॅमॅरिलिस कोणतं यावर पुढे दीर्घकाळ वाद चालला. अखेर १९८७च्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत अ‍ॅमॅरिलिस हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या झाडाकडे राहिलं. कुंड्यांत सर्रास वाढणारं मोठ्या तुतारी फुलाचं झाड हिपिअ‍ॅस्ट्रमच. दोघांतला फरक करायला दांडाच पुरतो: दक्षिण आफ्रिकेतल्या खऱ्या अ‍ॅमॅरिलिसचा दांडा भरीव, हिपिअ‍ॅस्ट्रमचा पोकळ.

माझी सगळ्यात आवडती परीक्षा मात्र धाग्याची. कांद्याचा बाहेरचा एखादा जिवंत पापुद्रा किंवा पानाच्या तळाचा तुकडा घ्या. झटक्याने न तोडता सावकाश फाडा आणि दोन्ही तुकडे हळूहळू लांब न्या. क्रायनम, खरी अ‍ॅमॅरिलिस, नेरीन या जवळच्या नातलगांमध्ये फाटलेल्या कडांमधून कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे ताणले जातात. हिपिअ‍ॅस्ट्रममध्ये, स्पायडर लिलीमध्ये, रेन लिलीमध्ये असे धागे निघत नाहीत. पानं नसलेला, दांडा नसलेला, माती लागलेला मोठा कांदा हातात असला तरी ही परीक्षा चालते, म्हणून मला ती इतर सगळ्यांपेक्षा भरवशाची वाटते. उजेडाकडे धरून बघा. पहिल्या वेळी धागे नजरेतून सुटतात.

बी धरलेलं असेल तर तेही बघा. हिपिअ‍ॅस्ट्रमचं बी काळं, चपटं, कागदासारखं हलकं. क्रायनम आणि स्पायडर लिलीचं बी हिरवं, मांसल, गोट्यासारखं, आणि क्रायनमचं बी तर माती न मिळताही नुसतं पडल्या जागी कोंब काढतं.

आता खोकं. सुकलेल्या कंदांना पानं नाहीत, म्हणून लोक तिथे हातपाय गाळतात. खरं तर सुकलेला कंद जास्त बोलका असतो. आधी दोन ढीग करा: ज्यांना पापुद्रे किंवा पाकळ्या सुटतात ते कांदे, आणि जे आतून भरीव आहेत ते गड्डे. शंका असेल तर एखादं फालतू पिल्लू आडवं कापा. आत वर्तुळं दिसली तर कांदा. बटाट्यासारखा एकसंध गर दिसला तर गड्डा. आईकांदा कापू नका. सुरी प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पुसा, कारण या झाडांचे विषाणू रसातून सहज पसरतात आणि हिपिअ‍ॅस्ट्रमचा मोझॅक हा विषाणू एकदा शिरला की कांद्याबाहेर काढता येत नाही.

कांद्यांच्या ढिगात बाहेरचं कोरडं आवरण नसलेला, सुट्या मांसल खवल्यांचा कांदा दिसला तर तो खरा लिलियम. खवले आर्टिचोकसारखे एकावर एक, हात लावला की निखळतात, आणि त्याला कोरडेपणा सोसत नाही, म्हणून तो ओळखताच ओलसर भुश्यात ठेवा. टायगर लिली असेल तर उभ्या दांड्यावर पानांच्या बगलेत काळपट मण्यांसारखे छोटे कंद येतात. असे मणी कुंडीत सांडलेले सापडले तरी नाव बहुधा तेच. आवरण असलेल्यांत ट्यूलिप थेंबाच्या आकाराचा, एक बाजू चपटी, आवरण पातळ, तांबूस तपकिरी आणि सहज सुटणारं. ते सोलून आतल्या बाजूला बघा, बऱ्याच ट्यूलिपच्या आवरणाला आतून बारीक लव असते. नार्सिससची मान लांब, आवरणं बरीच, आणि एकाच बुंध्याला दोन-तीन शेंडे जोडलेले. हायसिंथचा कांदा गोल, मान जवळजवळ नाहीच, आणि त्याच्या आवरणाचा रंग फुलाची चाहूल देतो: जांभळट आवरणाखाली निळं, जांभळं किंवा गुलाबी फूल, पांढरट आवरणाखाली पांढरं किंवा पिवळं. हायसिंथ हाताळताना हातमोजे घाला, त्यातल्या ऑक्झलेटच्या बारीक सुयांमुळे कातडीला फार खाज सुटते.

गड्ड्यांत ग्लॅडिओलस सगळ्यात सोपा: चपटा, अंगावर आडव्या कड्या, तळाशी मागच्या वर्षीचा सुकलेला गड्डा चिकटलेला आणि भोवती मोहरीपासून वाटाण्यापर्यंत आकाराची असंख्य पिल्लं. क्रोकोस्मियाचे गड्डे एकाखाली एक माळेसारखे जोडलेले असतात. फ्रीसियाचा गड्डा छोटा, शंकूसारखा, जाळीच्या आवरणातला. पक्ष्याच्या वाळक्या पंजासारखा बोटांचा झुबका म्हणजे रॅनन्क्युलस, बोटं खाली करून लावायचा. डेलियाची रताळ्यासारखी मुळं असतील तर डोळा फक्त वरच्या मानेवर असतो. मान तुटलेलं मूळ कितीही गुबगुबीत असलं तरी फुटणार नाही. इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुभंगलेला, बोटाएवढा जाड, ठिसूळ कंद म्हणजे कळलावी. तिचा कोंब टोकातून येतो, म्हणून टोक मोडू देऊ नका. वर पान आलं की शंका उरतच नाही, कारण पानाचा शेंडा लांबून ताण्यासारखा वळतो आणि आधाराला विळखा घालतो.

अळूच्या घराण्यातले गड्डे, म्हणजे कॅलेडियम, अ‍ॅलोकेशिया वगैरे, सुकलेल्या अवस्थेत एकमेकांपासून वेगळे करायच्या फंदात पडू नका. एक पान येऊ द्या. पाणी टाकल्यावर मोत्यासारखे थेंब घरंगळणारं, मखमली, देठ पानाच्या पोटात जोडलेलं असेल तर अळू. पान पातळ आणि रंगीत असेल तर कॅलेडियम. चकचकीत, ठळक शिरांचं, टोक वर रोखलेलं असेल तर बहुधा अ‍ॅलोकेशिया. हळद-आलं घराण्यातलं आडवं खोड असेल तर नखाने खरवडून वास घ्या. कर्दळीच्या खोडाला तसा वास नाही.

वासाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. वास घ्या, चव कधीही घेऊ नका. चुरगाळल्यावर कांद्या-लसणाचा वास आला तर कांद्याचा गट, हे बरोबर. वास न येता कांद्यासारखं दिसणारं काहीही खाण्याचं नाही, हे त्याहून बरोबर. २००९च्या वर्गीकरणात कांदा-लसूण आणि नार्सिसस एकाच कुळात आले, त्यामुळे ते एकमेकांसारखे दिसतात यात नवल नाही. पण नार्सिससमध्ये लायकोरीन हे विष आहे, त्याने जोराच्या उलट्या होतात, आणि तो कांदा समजून खाल्ल्याने विषबाधा झालेली आहे. कळलावीत आणि कोल्चिकममध्ये कोल्चिसिन हे विष आहे, ते जिवावर बेततं. खोकं स्वयंपाकघरात ठेवू नका, मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागू देऊ नका. हाताला कांद्याचा वास आधीच लागलेला असेल तर पुढच्या प्रत्येक कंदाला तोच वास येतो, म्हणून मधे हात धुवा.

आता तुमच्या कुंड्या, जेवढं वर्णन दिलंय त्यावरून. पहिलीत कांद्याची मान मातीवर वीतभर आली आहे आणि पानं चारी बाजूंना आहेत असं लिहिलंय. मी क्रायनम म्हणेन, धाग्याची परीक्षा करून बघा. दुसरीत मधोमध पांढरी रेघ असलेली पट्ट्यासारखी पानं दोन रांगांत आहेत. ही पांढरी रेघ हिपिअ‍ॅस्ट्रम रेटिक्युलेटमच्या एका प्रकारात ठळक असते, तेव्हा तेच असण्याची शक्यता मोठी. तिसरी देठाची: खोटं खोड आणि ठिपके आहेत का ते बघा. असतील तर मे फ्लॉवर, नसतील आणि पान गडद, जाड असेल तर युकॅरिस. चौथीतली पानं दोन रांगांत आहेत, रेघ नाही, दांडा नाही. इथे हिपिअ‍ॅस्ट्रम आणि स्पायडर लिली दोन्ही शक्य आहेत आणि धागा दोन्हींत नाही, म्हणून ती परीक्षा इथे कामाची नाही. पानाचा शेंडा बघा: बोथट असेल तर माझा कल हिपिअ‍ॅस्ट्रमकडे, निमुळता टोकदार असेल तर स्पायडर लिलीकडे. पण हा कल आहे, निकाल नाही. दांडा येईपर्यंत पट्टीवर दोन्ही नावं लिहा.

पाचवी गवतासारखी. पान आडवं कापून जाडसर, लव्हाळ्यासारखं गोलट निघालं तर पांढरी रेन लिली. सपाट आणि तळाशी तांबूस असेल तर गुलाबी रेन लिलीचा संभव. लसणाचा वास आला तर टुल्बागिया. वास नाही आणि एका आवरणाखाली तांदळाच्या दाण्यांसारखी ढीगभर पिल्लं दडलेली निघाली तर ते नोथोस्कॉर्डम हे तण आहे. ती कुंडी लगेच बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि तिची माती दुसरीकडे वापरू नका.

नवीन पट्ट्यांवर शाईऐवजी शिसपेन्सिलीने लिहा, ती उन्हात टिकते. एक पट्टी वर लावा आणि दुसरी कांद्याच्या बाजूला मातीत पुरा. पुढचे फोटो पाठवाल तेव्हा प्रत्येक कुंडीचे तीनच हवेत: वरून सरळ खाली, माती सारून मान, आणि फाडलेला पापुद्रा उजेडासमोर. चौथीची मान आणि शेंडा एकाच चौकटीत आले तर आधी तो फोटो पाठवा.